‘अगेरे’चा अर्थ कसा लावायचा? एका लॅटिन क्रियापदाची पायरीपायरीने उकल

लॅटिन शिकायला लागल्यावर पहिल्या महिन्यातच ‘अगेरे’ हे क्रियापद भेटतं. शब्दसूचीत त्याच्यापुढे ‘करणे’ एवढंच लिहिलेलं असतं आणि विद्यार्थी तेच पाठ करतो. मग खरा मजकूर हातात आला की गाडी अडते. रोमन कवी व्हर्जिलचा धनगर शेळ्या ‘करतो’, म्हातारा राजकारणी कॅटो आपलं चौऱ्यांशीवं वर्ष ‘करतो’, कवी ओव्हिडची जमीन भेगा ‘करते’, कवी कॅटलस आभार ‘करतो’. लुईस आणि शॉर्ट यांच्या 1879च्या लॅटिन-इंग्रजी कोशात या क्रियापदाची नोंद इतकी लांब आहे की नवशिक्याला तिच्यात शिरायचं कुठून तेच कळत नाही.

शिरायची जागा एकच आहे: ‘करणे’ बाजूला ठेवा आणि ‘हाकणे’पासून सुरुवात करा. ‘अगेरे’चा मूळ अर्थ गुरं मागून हाकणं हाच आहे. मराठी वाचकाला इथे इंग्रजी वाचकापेक्षा जास्त सोय आहे, कारण आपण संसाराचा गाडा हाकतो, कारभार हाकतो, खटला चालवतो आणि भेटल्यावर ‘काय चाललंय?’ असं विचारतो. हाकणे आणि चालवणे या दोन क्रियापदांनी मराठीत जेवढी जमीन व्यापली आहे, तिचा बराच मोठा भाग लॅटिनमध्ये एकट्या ‘अगेरे’कडे आहे.

पुढे लॅटिन वाक्यं देवनागरीत दिली आहेत, ती अभिजात उच्चाराप्रमाणे. त्यात ‘ग’ नेहमी ‘ग’च असतो आणि ‘क’ नेहमी ‘क’च. ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’, ‘ओ’ यांतला फरक देवनागरीत दिसत नाही, त्यामुळे जिथे तो महत्त्वाचा आहे तिथे वेगळं सांगितलं आहे. चर्चमधल्या लॅटिनमध्ये ‘ए’ आणि ‘इ’च्या आधीचा ‘ग’ हा ‘ज’ होतो. गोव्यात जुन्या लॅटिन मिस्सेची (चर्चमधल्या उपासनेची) सवय असलेल्यांना म्हणूनच ‘अगेरे’पेक्षा ‘आजेरे’ ओळखीचं वाटेल. शब्द तोच आहे.

पायरी 1: रूप पक्कं करा

कोशात हे क्रियापद चार मुख्य रूपांनी दिलेलं असतं: अगो (मी हाकतो), अगेरे (हाकणे), एगी (मी हाकलं), आक्तुम (हाकलेलं). पहिल्या दोन रूपांतला ‘अ’ ऱ्हस्व आहे, ‘एगी’तला ‘ए’ दीर्घ आहे आणि ‘आक्तुम’मधला ‘आ’ही दीर्घ आहे. बहुतेक छापील मजकुरात दीर्घत्वाच्या खुणा नसतात, म्हणून रूप पाठच असलेलं बरं.

वर्तमानकाळ असा चालतो: अगो, अगिस, अगित, अगिमुस, अगितिस, अगुन्त. भूतकाळाच्या पूर्ण रूपांत सुरुवातीचा ‘अ’ जाऊन ‘ए’ येतो: एगी, एगिस्ती, एगित, एगिमुस, एगिस्तिस, एगेरुन्त. म्हणजे ‘अगित’ आणि ‘एगित’ यांत फक्त पहिला स्वर वेगळा आहे, पण काळ बदलतो. ‘अगी’ हे कर्मणी तुमंत, म्हणजे ‘हाकलं जाणं’, आणि ‘एगी’ म्हणजे ‘मी हाकलं’. ‘अगम’ हे रूप दुहेरी आहे: भविष्यकाळी ‘मी हाकीन’ किंवा संभाव्य ‘मी हाकावं’. पुढच्या रूपांत मात्र दोघं वेगळी होतात. भविष्यकाळ ‘अगेस, अगेत’ असा जातो आणि संभाव्य ‘अगास, अगत’ असा.

सगळ्यात जास्त फसवणारे शब्द या क्रियापदाचे नाहीतच, ते नुसते त्याच्यासारखे दिसतात. ‘एगेओ, एगेरे’ म्हणजे गरज असणे. त्याचं ‘एगेत’ (त्याला गरज आहे) आणि आपलं ‘एगित’ (त्याने केलं) यांत एकाच अक्षराचा फरक आहे. शिवाय कवितेत ‘एगेरुन्त’ऐवजी ‘एगेरे’ असं आखूड रूप येतं. ते खुणा नसलेल्या छपाईत ‘गरज असणे’सारखंच दिसतं. अशा वेळी शेजारी पंचमी विभक्तीतलं नाम आहे का ते बघा. ‘गरज असणे’ला सहसा तेच लागतं. ‘ऐगेर’ म्हणजे आजारी, ‘अगेर’ म्हणजे शेत, ‘अग्गेर’ म्हणजे मातीचा भराव. या शेवटच्या शब्दाचं पंचमीचं रूप ‘अग्गेरे’ आहे आणि सीझर वाचताना ते हमखास आडवं येतं.

इसवी सनपूर्व 57 मधल्या, गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) नोविओदूनुम गावाच्या वेढ्याचं वर्णन सीझर असं करतो: ‘केलेरितेर वीनेईस अद ओप्पिदुम आक्तिस, अग्गेरे यक्तो, तुर्रिबुस्क्वे कोन्स्तितूतिस’. वीनेआ म्हणजे सैनिकांना आडोसा देणारे, पुढे सरकवता येणारे मांडव. ते गावाकडे वेगाने ‘आक्तिस’, म्हणजे सरकवले गेल्यावर. ‘अग्गेरे यक्तो’, म्हणजे मातीचा भराव टाकल्यावर. आणि बुरूज उभारल्यावर. पहिल्या तुकड्यात अगेरे आहे, दुसऱ्यात नाही. दोन ‘ग’ दिसले की थांबायचं, एवढी सवय लावून घ्या.

पायरी 2: कर्म शोधा, अर्थ त्याच्याजवळ असतो

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. अगेरे एकटं फार कमी सांगतं. काय हाकलं जातंय ते कळलं की अर्थ आपोआप निवडला जातो. म्हणून क्रियापद दिसताच कोश उघडू नका. आधी द्वितीयेतलं नाम शोधा.

कर्म जनावर असेल तर मूळ अर्थ धरा. व्हर्जिलच्या पहिल्या गोपगीतात जमीन गमावलेला मेलिबेउस म्हणतो: ‘एन इप्से कपेल्लास प्रोतिनुस ऐगेर अगो, हंक एतिअम विक्स, तीतिरे, दूको’. ‘बघ, मी स्वतः आजारी असूनही शेळ्या पुढे हाकतोय, आणि हिला तर, तीतिरुस, कशीबशी ओढत नेतोय.’ एकाच श्वासात अगो आणि दूको शेजारी आले आहेत. अगेरे म्हणजे मागे राहून हाकणं, दूकेरे म्हणजे पुढे राहून नेणं. अगेरे समजावण्यासाठी लॅटिन साहित्यात याहून चांगली ओळ मिळणं कठीण आहे. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘ड्राइव्ह’ आणि दुसऱ्यासाठी ‘लीड’ घ्यावं. दोन्हीकडे ‘लीड’ घेतलं तर ती शेळी मागे पडत चालली आहे हे चित्रच पुसलं जातं.

लुटीच्या वर्णनात ‘फेर्रे एत अगेरे’ अशी जोडी येते. फेर्रे म्हणजे वाहून नेणं, अगेरे म्हणजे हाकून नेणं. सामानसुमान उचललं आणि गुरंढोरं हाकून नेली, म्हणजे सगळं लुटलं. इंग्रजीत ‘प्लंडर’ हा एक शब्द पुरतो. मराठीत ‘लुटून नेलं’ म्हणा. दोन क्रियापदं सुटी सुटी भाषांतरित केली तर वाक्य विनाकारण जड होतं.

कर्म वाढणारी किंवा बाहेर पडणारी गोष्ट असेल तर ‘करणे’ पूर्ण चुकतं. ‘रादीकेस अगेरे’ म्हणजे झाडाने मूळ धरणं, इंग्रजीत ‘रूट’बरोबर ‘स्ट्राइक’ किंवा ‘पुट डाउन’. ‘रीमास अगेरे’ म्हणजे भेगा पडणं. सूर्याचा रथ त्याचा मुलगा फाएथोन याच्या हातून उधळतो आणि पृथ्वी करपते, तेव्हा ओव्हिड लिहितो: ‘फिस्सक्वे अगित रीमास’. जमीन फाटून तिला भेगा पडतात. मे महिन्यातलं माळरान ज्याने पाहिलंय त्याला इथे कोश लागणार नाही. इथे जमीन मुद्दाम काही करत नाही. आतला दाब बाहेर ढकलला जातो. हाकण्याचा अर्थ इथेही शिल्लक आहे.

कर्म काळ असेल तर ‘घालवणे’ किंवा ‘चालू असणे’. ‘वीतम अगेरे’ म्हणजे आयुष्य काढणं. इथे एक बारीक गफलत नेहमी होते. रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो याच्या वार्धक्यावरच्या संवादात कॅटो म्हणतो: ‘क्वार्तुम अगो अन्नुम एत ओक्तोगेसिमुम’. शब्दशः, मी चौऱ्यांशीवं वर्ष हाकतोय. याचा अर्थ त्याला 84 पूर्ण झाली असा नाही. 83 पूर्ण होऊन चौऱ्यांशीवं ‘चालू आहे’. मराठीत आपण नेमकं असंच बोलतो. इंग्रजीत मात्र ‘मी 84 वर्षांचा आहे’ असं सरळ वाक्य करून चालत नाही, ‘चौऱ्यांशीव्या वर्षात आहे’ अशीच रचना करावी लागते. जन्मसालाचं गणित अशा चुकीमुळे एका वर्षाने हलतं.

कर्म समारंभ, सभा किंवा पहारा असेल तर ‘भरवणे’, ‘घेणे’, ‘करणे’ यांतलं जे बसेल ते. ‘त्रिउम्फुम अगेरे’ म्हणजे विजययात्रा काढणं, ‘विगिलिआस अगेरे’ म्हणजे पहारा देणं. पहिल्या गॅलिक मोहिमेनंतर सीझर अलीकडच्या गॉलमध्ये (उत्तर इटलीत) जातो ते ‘अद कोन्वेन्तूस अगेन्दोस’, म्हणजे प्रांतातल्या न्यायसभा भरवण्यासाठी. इंग्रजीत इथे ‘होल्ड’ लागतं. ‘डू’ हास्यास्पद होईल.

कर्म भूमिका किंवा नाटक असेल तर ‘वठवणे’. ‘पार्तेस अगेरे’ म्हणजे भूमिका करणं आणि ‘प्रीमास पार्तेस अगेरे’ म्हणजे मुख्य भूमिका करणं. इंग्रजीतला ‘अ‍ॅक्टर’ इथूनच येतो.

कर्म खटला असेल तर ‘चालवणे’. ‘कौसम अगेरे’ म्हणजे खटला चालवणं, कुणाची बाजू मांडणं, इंग्रजीत ‘प्लीड’. टेरेन्सच्या नाटकातली एक म्हण वकिलांना आवडेल: ‘आक्तुम ने अगास’, एकदा निकाली निघालेला खटला पुन्हा चालवू नकोस. रोजच्या बोलण्यात तिचा अर्थ ‘झालेल्या गोष्टीवर पुन्हा श्रम घालू नकोस’ असा झाला. भारतातल्या न्यायालयांत ‘आक्तुस कुरिऐ नेमिनेम ग्रवाबित’ हे वचन वरचेवर येतं: न्यायालयाच्या कृतीने कुणाचंही नुकसान होता कामा नये. तिथलं ‘आक्तुस’ हे ‘हाकलेला’ असं धातुसाधित नाही. ते चौथ्या वर्गातलं स्वतंत्र नाम आहे, ‘कृती’. रूप तेच, शब्दजात वेगळी.

आता आभार. इथे बहुतेकांची चूक होते आणि दुरुस्त करायला सोपी असूनही ती वर्षानुवर्षं टिकते. लॅटिनमध्ये कृतज्ञतेच्या तीन वेगळ्या रचना आहेत. ‘ग्रातिअम हबेरे’ म्हणजे मनात कृतज्ञता असणं. ‘ग्रातिआस अगेरे’ म्हणजे ती शब्दांत व्यक्त करणं, आभार मानणं. ‘ग्रातिअम रेफेर्रे’ म्हणजे उपकार फेडणं. पहिल्या आणि तिसऱ्या रचनेत नाम सहसा एकवचनी असतं, मधल्या रचनेत सहसा अनेकवचनी. इसवी सनपूर्व 46 मध्ये सीझरचा विरोधक मार्केल्लुस याला माफी मिळाल्यावर सिसेरो सीझरला म्हणाला: ‘मक्सिमास तिबि ओम्नेस ग्रातिआस अगिमुस, गाइ कैसार, मायोरेस एतिअम हबेमुस’. आम्ही सगळे तुझे खूप खूप आभार मानतो, आणि मनात तर त्याहून मोठी कृतज्ञता आहे. दोन्ही क्रियापदांना ‘थँक’ लावलं की वाक्याचा सगळा डौलच जातो. कॅटलसने सिसेरोलाच उद्देशून लिहिलं आहे: ‘ग्रातिआस तिबि मक्सिमास कतुल्लुस अगित’. तिथेही हीच रचना आहे. लॅटिन मिस्सेत पुरोहित म्हणतो ‘ग्रातिआस अगामुस दोमिनो देओ नोस्त्रो’. यातलं ‘अगामुस’ हे संभाव्य रूप म्हणजे आपलं ‘-ऊ या’: आपल्या प्रभू देवाचे आभार मानू या. जमलेले लोक उत्तर देतात, ‘दिग्नुम एत युस्तुम एस्त’, ते योग्य आणि न्याय्य आहे.

आणखी एक जोडी लक्षात ठेवा. ‘अनिमम अगेरे’ म्हणजे अखेरच्या घटका मोजणं. अनिम म्हणजे श्वास, प्राण. तो बाहेर हाकला जातोय, पण अजून गेलेला नाही. म्हणून इंग्रजीत ‘मेला’ असं लिहू नका, ‘शेवटच्या श्वासावर होता’ अशा अर्थाची रचना करा.

पायरी 3: कर्म नसेल तर शेजारी बघा

‘कुम’ आणि त्यापुढे पंचमीतलं माणसाचं नाम असेल, तर अर्थ ‘च्याशी बोलणी करणे’. इसवी सनपूर्व 58 मध्ये हेल्वेती टोळीचा म्हातारा सेनानी दिविको सीझरकडे येतो: ‘इस इता कुम कैसरे एगित’. त्याने सीझरशी अशी बोलणी केली. याच्यापुढे सीझर लगेच दिविकोने मांडलेल्या अटी देतो. त्यावरूनही कळतं की ‘त्याने सीझरबरोबर असं केलं’ हा अर्थ बसत नाही. इंग्रजीत ‘डील’, ‘ट्रीट’ किंवा ‘निगोशिएट’. विषय सांगायचा असेल तर त्याच्याआधी ‘दे’ येतं.

‘इद अगेरे उत’ अशी रचना दिसली तर अर्थ हेतूचा आहे: त्याचा सगळा खटाटोप अमुक व्हावं यासाठी आहे. ‘इद’ हे कर्म दिसतं, पण खरा मजकूर ‘उत’नंतर आहे. ‘होक अगे’ म्हणजे ‘याच्याकडे लक्ष दे’. रोमन विधींच्या वेळी हेच शब्द मोठ्याने पुकारले जात, असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. उलट ‘अलिआस रेस अगेरे’ म्हणजे मन दुसरीकडे असणं.

‘निहिल अगिस’चा अर्थ ‘तू काहीच करत नाहीस’ असा असू शकतो, पण बरेचदा ‘तुझं काही चालणार नाही’ असा असतो. इसवी सनपूर्व 63 मध्ये सिसेरो बंडाचा कट करणाऱ्या कॅटिलिनाला सुनावतो, ‘निहिल अगिस, निहिल अस्सेक्वेरिस’. आळशीपणाचा आरोप सिसेरोने कॅटिलिनावर कधीच केला नसता. तो अखंड कारस्थान करत होता, हीच तर तक्रार होती. संदर्भ न बघता ‘करणे’ लावलं की अर्थ असा उलटा होतो.

प्रश्नार्थक ‘क्विद अगिस?’ म्हणजे ‘काय चाललंय?’. रोमन कवी होरेसला रोमच्या रस्त्यावर एक चिकट माणूस गाठतो आणि विचारतो: ‘क्विद अगिस, दुल्किस्सिमे रेरुम?’ काय रे, कसं काय चाललंय? त्याला होरेस काय काम करतोय हे जाणून घ्यायचं नाही. इंग्रजीत ‘हाउ आर यू’ बसतं, ‘व्हॉट आर यू डूइंग’ नाही.

आज्ञार्थी ‘अगे’ पुष्कळदा क्रियापद राहतच नाही, ते ‘चल’, ‘बरं’, ‘हं’ यांसारखा उद्गार बनतं. व्हर्जिलच्या महाकाव्यात ट्रॉय जळत असताना इनियास बापाला म्हणतो: ‘एर्गो अगे, कारे पतेर, केर्वीकी इम्पोनेरे नोस्त्रै’. चला तर, बाबा, माझ्या खांद्यावर बसा. (‘इम्पोनेरे’ तुमंत दिसतं, पण ते कर्मणी आज्ञार्थ आहे. ‘अगेरे’ हे रूपही क्वचित असंच वापरलं जाऊ शकतं.) उद्गार असल्यामुळे ‘अगे’ एकवचनात राहूनही पुढे अनेकवचनी क्रियापद येतं. ती छपाईची चूक नाही.

कर्मणी रूप ‘अगितुर’ दिसलं आणि कर्ता एखादं मूल्य किंवा हितसंबंध असला, की अर्थ ‘पणाला लागणे’. राजा मिथ्रिदातेसविरुद्धच्या युद्धाची सूत्रं सेनापती पॉम्पेला द्यावीत म्हणून इसवी सनपूर्व 66 मध्ये केलेल्या भाषणात सिसेरो एकामागून एक वाक्यं त्यावरच उभी करतो: रोमन जनतेची कीर्ती ‘अगितुर’, मित्रराष्ट्रांची सुरक्षितता ‘अगितुर’, सर्वांत खात्रीचा आणि मोठा महसूल ‘अगुन्तुर’. इंग्रजीत ‘अ‍ॅट स्टेक’. होरेसची ओळ तर कायमची लक्षात राहावी अशी आहे: ‘नम तुअ रेस अगितुर, परिएस कुम प्रोक्सिमुस आर्देत’, शेजारची भिंत पेटली की तुझंच पणाला लागलेलं असतं. पुण्यामुंबईत फ्रेंच शिकणाऱ्यांना ‘इल साजी द’ ही रचना माहीत असते. तिच्या मुळाशी हेच क्रियापद आहे. उलट ‘आक्तुम एस्त दे’ म्हणजे ‘संपलंच सगळं’, ज्याच्याविषयी बोलतोय त्याची आता आशा नाही.

टॅसिटस आणि सॅलस्ट हे रोमन इतिहासकार वाचताना कर्म नाही, पूर्वसर्ग नाही, काहीच नाही, असं नुसतं अगेरे सापडेल. तिथे ‘राहणे, जगणे’ हा अर्थ करून पाहा. बहुतेक वेळा तोच असतो.

पायरी 4: लॅटिन लिहायचं असेल तर तीन ‘करणे’ वेगळी ठेवा

वाचताना जे चालून जातं ते लिहिताना चालत नाही. लॅटिनमध्ये ‘करणे’ला अगेरे, फकेरे आणि गेरेरे अशी तीन क्रियापदं आहेत आणि त्यांतला फरक वारो या रोमन विद्वानाने नाटकाच्या उदाहरणाने सांगितला आहे. कवी नाटक ‘फकित’, रचतो, पण ‘अगित’ नाही. नट नाटक ‘अगित’, वठवतो, पण ‘फकित’ नाही. आणि सेनापती मोहीम ना रचतो ना वठवतो, तो ती ‘गेरित’, ओझं वाहिल्यासारखी पेलतो.

शेवटी हातात काही वस्तू किंवा परिणाम उरत असेल तर फकेरे. क्रिया चालू असण्यातच तिचं सगळं असेल तर अगेरे. जबाबदारी अंगावर असेल, युद्ध किंवा पद सांभाळायचं असेल, तर गेरेरे. म्हणून तह करणं ‘पाकेम फकेरे’ (दिविकोच्या अटींत हेच आहे), पण तहाविषयी बोलणी करणं ‘दे पाके अगेरे’, आणि युद्ध करणं ‘बेल्लुम गेरेरे’. ‘बेल्लुम अगेरे’ लिहिलं तर वाचणाऱ्याला कळेल, पण ते खटकेल.

पायरी 5: उपसर्ग सोडवा

उपसर्ग लागला की ‘अग’चं सहसा ‘इग’ होतं: एक्स + अगेरे = एक्सिगेरे. भूतकाळात ‘एग’ परत येतो, ‘एक्सेगी’, आणि कृदंतात ‘आक्त’ परत येतो, ‘एक्साक्तुस’. त्यामुळे मूळ ओळखायला अडचण आली तर कृदंत बघा.

‘कोगेरे’पासून सुरुवात करा, कारण मराठी वाचकाला तो हातात आल्यासारखा समजेल. को + अगेरे, एकत्र हाकणे. लॅटिन ‘अगो’ आणि संस्कृत ‘अज्’ (अजति, हाकतो) एकाच मूळ धातूचे. सम् + अज् पासून आपला ‘समाज’ झाला. ‘पशूनां समजोऽन्येषां समाजः’ असं अमरकोशात दिलं आहे: जनावरांचा तो समज, इतरांचा तो समाज. ग्रीकमध्येही ‘सिन’ आणि ‘आगेइन’ मिळून ‘सिनॅगॉग’, एकत्र आणलेल्यांची सभा. तिन्ही भाषांत रचना तीच. लॅटिनमध्ये ‘सेनातुम कोगेरे’ म्हणजे सिनेटची सभा बोलावणं, पुढे तुमंत आलं तर ‘भाग पाडणं’, आणि दुधाविषयी असेल तर ‘गोठवणं’. विरजणासारखं दूध गोठवणारा पदार्थ तो ‘कोआगुलुम’, त्यावरून इंग्रजी ‘कोअ‍ॅग्युलेट’. ‘कोजंट’ म्हणजे मान्य करायला भाग पाडणारा युक्तिवाद. विचार करणे या अर्थाचं ‘कोगितारे’ही इथलंच. अगो-अगितो तसं कोगो-कोगितो, असं संत ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात नोंदवलं आहे.

‘एक्सिगेरे’चे अर्थ वरवर एकमेकांपासून फार लांबचे वाटतात: बाहेर हाकलणे, वसूल करणे, मोजणे, पूर्ण करणे. ‘पोस्त रेगेस एक्साक्तोस’ म्हणजे राजांना हाकलून दिल्यानंतर, परंपरेने इसवी सनपूर्व 509 नंतरचा काळ. कर वसूल करणं म्हणजे तो लोकांच्या घरातून बाहेर काढणं, इंग्रजी क्रियापद ‘एग्झॅक्ट’ हेच. तराजूचा काटा ‘एक्सामेन’ही याच क्रियापदाचा, म्हणून नीट तोललेलं ते विशेषण ‘एग्झॅक्ट’, आणि ‘एग्झॅमिन’ म्हणजे तोलून पाहणं. मधमाश्यांच्या थव्यालाही ‘एक्सामेन’च म्हणत, कारण तो पोळ्यातून बाहेर निघतो. होरेसचं ‘एक्सेगी मोनुमेन्तुम ऐरे पेरेन्निउस’ म्हणजे कांस्याहून टिकाऊ स्मारक मी पूर्ण केलं. तिथे ‘हाकललं’ वाचणारा विद्यार्थी दर वर्गात असतो.

‘त्रान्सिगेरे’ म्हणजे आरपार नेणं. तलवार असेल तर भोसकणं, व्यवहार असेल तर तडीला नेणं, त्यातून ‘ट्रान्झॅक्शन’. मरणाच्या दिवशी सम्राट ऑगस्टसने मित्रांना विचारलं की आयुष्याचं प्रहसन मी ठीक ‘त्रान्सेगिस्से’, पार पाडलं ना. ही नोंद रोमन चरित्रकार सुएटोनिउसची आहे. ‘रेदिगेरे’ म्हणजे मागे हाकणं, एखाद्या अवस्थेला आणणं. ‘इन प्रोविन्किअम रेदिगेरे’ म्हणजे देश जिंकून प्रांत बनवणं. ‘सुबिगेरे’ म्हणजे खालून रेटणं: जमीन नांगरणं, कणीक तिंबणं आणि शत्रूला नमवणं, तिन्ही. ‘अम्बिगेरे’तून ‘अँबिग्युअस’, ‘प्रोदिगेरे’तून ‘प्रॉडिगल’.

नामाला ‘-इगारे’ जोडून झालेल्या क्रियापदांतही हेच मूळ आहे. नाविस म्हणजे जहाज, त्यावरून नाविगारे, ‘नॅव्हिगेट’. लीस म्हणजे वाद, त्यावरून ‘लिटिगेट’. फूमुस म्हणजे धूर, त्यावरून ‘फ्युमिगेट’. मीतिस म्हणजे मऊ, त्यावरून ‘मिटिगेट’.

पायरी 6: इंग्रजी शब्दावरून उलट अंदाज बांधू नका

‘एजंट’ हा ‘अगेन्स’, करणारा. ‘अजेंडा’ हा ‘अगेन्दा’, करायच्या गोष्टी. लॅटिनमध्ये तो अनेकवचनी आहे, इंग्रजीत आणि मराठीत एकवचनी झाला. म्हणून लॅटिन वाक्यात ‘अगेन्दा’ला एकवचनी क्रियापद दिसलं तर ते स्त्रीलिंगी एकवचन आहे का, की नपुंसकलिंगी अनेकवचनाचा लॅटिन नियम चुकलाय, ते तपासा. ‘आक्त’ म्हणजे झालेली कामकाजं. सीझरने कॉन्सल असताना, इसवी सनपूर्व 59 मध्ये, सिनेट आणि जनसभांची दैनंदिन आक्त प्रसिद्ध करायला सुरुवात केली.

काही शब्द मात्र इथले नाहीत. ‘अ‍ॅग्री’ हा ‘ग्रातुम’वरून आला. ‘अ‍ॅग्रेशन’मध्ये पाऊल टाकण्याचं क्रियापद आहे. ‘एग्झॅजरेट’ तर त्या मातीच्या भरावावरून, अग्गेरवरून आला. ‘डेमागॉग’ आणि ‘पेडॅगॉग’ हे ग्रीक भावंडाचे, ‘अगेरे’पासून झालेले नाहीत.

शब्द निवडताना चूक किती दूर जाऊ शकते याचं उदाहरण बायबलच्या लॅटिन पाठात आहे. ‘पैनितेन्तिअम अगिते’ याचा अर्थ ‘पश्चात्ताप करा’ की ‘प्रायश्चित्ताचा विधी पार पाडा’? दोन्ही वाचनं व्याकरणात बसतात. 1517 मध्ये मार्टिन लूथरने मांडलेल्या 95 सूत्रांतलं पहिलंच सूत्र या दोन शब्दांवर आहे आणि दुसऱ्या सूत्रात तो स्पष्ट सांगतो की त्याचा अर्थ चर्चमधल्या कबुली-प्रायश्चित्ताचा विधी असा घेता येत नाही.

सराव

खालची वाक्यं सरावासाठी रचली आहेत. आधी स्वतः सोडवा, मग पुढचं वाचा.

‘पास्तोर बोवेस अद फ्लूमेन अगित.’ कर्म जनावर, काळ वर्तमान: गुराखी बैल नदीकडे हाकतो.

‘लेगातुस दे पाके कुम होस्तिबुस एगित.’ कुम आणि पंचमी, शिवाय दे: वकिलाने शत्रूशी तहाची बोलणी केली. (इथे वकील म्हणजे राजदूत, पेशवाईतल्या अर्थाने.)

‘इद अगेबत उत ओम्नेस तकेरेन्त.’ सगळ्यांनी गप्प बसावं यासाठी त्याचा खटाटोप चालला होता.

‘पौपेर औक्सिलिओ एगेत.’ शेवटी ‘एत’ आहे, ‘इत’ नाही, आणि ‘औक्सिलिओ’ पंचमीत आहे. हे अगेरे नाहीच: गरिबाला मदतीची गरज आहे.

‘सेनेक्स यम अनिमम अगेबत, कुम फीलिउस ग्रातिआस एगित.’ कुम दिसला म्हणून ‘मुलाशी बोलणी केली’ असं वाचलं असेल तर विभक्ती पुन्हा बघा. फीलिउस प्रथमेत आहे, म्हणजे हा कुम पूर्वसर्ग नाही, ‘तेवढ्यात’ या अर्थाचं अव्यय आहे: म्हातारा अखेरच्या घटका मोजत होता, तेवढ्यात मुलाने त्याचे आभार मानले.